नीजमाळ्यावरची दुपार

जेवणं आटोपली, काकींनी तोंड पुसलं आणि फर्मान सोडलं, "चला, आता वर चला सगळे. इथंच बोलत बसलात तर आलेली झोप जाईल."

कुणी हसलं नाही. या घरात त्या वाक्यावर हसायचं नसतं, हे नव्या सुनेलासुद्धा लवकरच कळायचं. वखार विकायची की ठेवायची हे आज ठरणार होतं, आणि मोठं काही ठरवायचं तर या घराण्यात आधी झोपायची रीत होती. नीजमाळ्यावर, दुपारी, सगळ्यांनी एकत्र. उठल्या उठल्या तोंडातून जे पहिलं बाहेर पडेल तो त्या माणसाचा निर्णय. मग त्यावर वाद नाही आणि 'मला तसं म्हणायचं नव्हतं' ही सबबही नाही. एकानं जरी 'नको' म्हटलं तरी ठरणारी गोष्ट मोडली.

ताई टेबलावरची ताटं गोळा करत राहिली. चिऊ, तिची भाची, मदतीला उभी होती, पण हात रिकामे राहिले की ताईला सुचेनासं व्हायचं. आज तर ती सकाळपासून एका जागी बसलीच नव्हती.

"ताई, ठेव ते," अण्णा म्हणाला. "आज तुलाही झोपायचंय."

"माहितीये मला."

"नुसते डोळे मिटून पडायचं नाही हं. झोपायचं."

"अरे बाबा, माहितीये म्हटलं ना!"

अण्णा तिच्या पाठचा. दूरच्या शहरात त्याचा दवाखाना होता, आणि रोग्याशी बोलावं तशा समजूतदार आवाजात तो सगळ्यांशी बोलायचा. त्या आवाजाचा ताईला मनस्वी राग यायचा. वखारीला गिऱ्हाईक त्यानंच आणलं होतं. एक कंपनी, तिला इथं मोठं हॉटेल काढायचं होतं. दर्शनी भिंत तशीच ठेवू, म्हणाले होते. म्हणजे तोंड ठेवायचं आणि पोट काढून टाकायचं, असं काकी म्हणाल्या होत्या, पण त्यांच्या म्हणण्यावरून त्या कुठल्या बाजूच्या ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

कंपनीचा माणूस कागद घेऊन खाली कचेरीत बसला होता. चिऊनं त्याला चहा नेऊन दिला.

"घरची मंडळी येतायत ना?" त्यानं विचारलं.

"हो, झोपून उठली की येतील."

"झोपून?"

"वेळ लागतो थोडा," चिऊ म्हणाली. "बिस्किटं आणू का?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, चिऊकडे पाहिलं आणि बिस्किटं आणा म्हणाला. दुसरं तरी काय म्हणणार बिचारा.

जिना लाकडी होता आणि चढताना प्रत्येक पायरी आपापल्या आवाजात कुरकुरायची. काकी पुढे, त्यांच्या गुडघ्यांच्या वेगानं सगळी वरात मागे. पहिल्या मजल्यावर पुस्तकं बांधणाऱ्याच्या खळीचा वास आला. ताईच्या दोन खोल्या त्याच मजल्यावर, मागच्या अंगाला. दुसऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा एका काळ्या छत्रीखाली डोकं घालून बसला होता, त्यानं न बघताच "नमस्कार ताई" म्हटलं. पावलं ओळखायचा तो. त्याच्या पलीकडे वाद्यं जुळवणारी बाई एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होती. हे सगळे ताईचे भाडेकरू. म्हणजे वखारीचे, पण गळकं छप्पर, अडकलेली खिडकी, तुंबलेली मोरी, सगळ्यांच्या हाका ताईच्या नावानं.

कप्तान तिच्या बरोबरीनं चढत होता. हा धाकटा भाऊ. या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी छोटी होडी चालवायचा आणि आगबोटीच्या थाटात चालवायचा, म्हणून कप्तान. तो नेहमीसारखी बडबड करत नव्हता, आणि ताईला लगेच शंका आली.

"काय रे, गप्पसा?"

"कुठं काय."

"कप्तान."

"अगं, अण्णा म्हणतो... म्हणजे ते हॉटेलवाले म्हणतात, त्यांचा स्वतःचा धक्का होणार आहे. मोटरची होडी घेणार. चालवायला मीच." तो पायरीकडे बघत बोलत होता. "माझी होडी कुजलीय गं. किती दिवस ओढणार अजून?"

काल संध्याकाळपर्यंत हाच ताईजवळ बसून, 'आपण दोघं आहोत ना, बघू कोण विकतंय' म्हणत होता. रागवावं तर त्याच्या कोटाचे कोपर फाटलेले दिसत होते. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि ते ऐकून कप्तान आणखी वरमला.

नीजमाळा सगळ्यात वर, छपराखाली. लांबच लांब, मोकळा. दोन्ही बाजूंना लाकडी झडपा, एकीकडून नदीचा वारा शिरायचा आणि दुसरीकडून शहराच्या छपरांवरून निघून जायचा. तो बांधला पणजोबांनी, आणि त्यालाही कारण होतं. पणजोबा तरुणपणी होडीतून येणारा ताग काठावरच तोलून घ्यायचे. गठ्ठे ओले, फुगलेले. घरी येऊन वाळले की बघता बघता हलके. नदीचं पाणी तागाच्या भावानं विकत घेणारा शहाणा म्हणून लोक त्यांना पाणीशेठ म्हणायला लागले. त्यातून ते कसेबसे सावरले आणि मग ही वखार उभी केली तेव्हा पहिला नियम घातला की माल इथं झोपल्याशिवाय काट्यावर चढायचा नाही. गठ्ठा यायचा, दोरखंडानं वर ओढला जायचा, वाऱ्यावर पडून राहायचा. अंगातलं पाणी गेलं की मग त्याचं खरं वजन.

माणसं झोपायला लागली ती पणजीमुळे. वखारीला जोडून कचेरी बांधायची होती. तिचं तोंड नदीकडे करायचं की रस्त्याकडे, यावरून पणजोबा आणि त्यांचा भाऊ हातघाईवर आले. पणजी म्हणाली, "माल झोपवता ना? मग तुम्हीही जरा पडा. उठलात की बोला." दोघं रागारागानंच आडवे झाले आणि उठल्यावर दोघंही म्हणाले, नदी. तशी कचेरी झाली. उंच खिडक्या, रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, लाल विटांवर पांढऱ्या दगडाची किनार. पुढे सगळा धंदा रस्त्यावर गेला आणि वखार शहराकडे पाठ करून बसली ती बसलीच. पोस्टमन मागच्या बोळातून आत यायचा आणि रोज त्याबद्दल बोलायचा. पण पुलावरून जाणारी माणसं अजूनही चालता चालता थांबतात. गावाचं चित्र काढायला सांगितलं की शाळेतली पोरं आधी नदी काढतात आणि मग ही वखार.

अंथरुणं ओळीनं घातली होती. काकींनी नदीकडची जागा धरली. "मला वारा लागतो," त्या म्हणाल्या, आणि तो हवा म्हणून की नको म्हणून, ते कळायच्या आत आडव्या झाल्या. या काकी म्हणजे ताईच्या दिवंगत काकांची बायको. काकांचा वाटा आता त्यांचा. कवळी काढून त्यांनी वाटीत ठेवली आणि वाटी उशाशी.

चिऊला जिन्याजवळ स्टूल दिलं होतं. ती जागणार होती. झोपणाऱ्यांचं ऐकायला कुणीतरी जागं हवंच, आणि ते माणूस वाटा नसलेलं हवं. आजवर ते काम बायकांचं होतं, कारण वाटा पुरुषांना आणि जागणं बायकांना, अशी साधी सोपी विभागणी होती. पणजी जागली, आजी जागली, आई जागली, आईनंतर ताई. मग वडिलांनी जाताना तिघांना सारखा वाटा दिला आणि ताईला आयुष्यात पहिल्यांदा इथं झोपण्याचा हक्क मिळाला.

"आत्या, मी काय करायचं?" चिऊनं विचारलं. चिऊ अण्णाची मुलगी. जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं शिकली होती, आणि आल्यापासून भिंतींवरून हात फिरवत हिंडत होती.

"काही नाही. बसायचं. ऊन समोरच्या खांबावर आलं की एकेकाला उठवायचं, धाकट्यापासून. आणि नीट ऐकायचं."

"आणि मलाच झोप आली तर?"

"छे गं," ताई म्हणाली. "जागणाऱ्याला कशी येईल?"

ती खरंच तसं मानत होती. तिला इथं झोप कधीच आली नव्हती. लहानपणीही पहाटे आई सगळ्यांच्या आधी तिला उठवायची, अजून होड्यांचे दिवेही विझलेले नसायचे, "ऊठ गं, वखारीचं दार उघडायचंय." भाऊ गाढ असायचे. मग आई गेली आणि उठवायला कुणी राहिलं नाही, तरी ती उठतच राहिली.

अण्णा तिच्या शेजारच्या गादीवर पाठ टेकून म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुला खरंच हवीय का ही? का फक्त आपलं... आहे म्हणून?"

"झोप आता," ताई म्हणाली.

कारण घोडं इथंच तर पेंड खात होतं. वखार ठेवायची तर तिचा एक 'नको' पुरेसा होता. अण्णा काहीही म्हणो, कप्तान काहीही म्हणो. पण तो 'नको' झोपेतून उठताना यायला हवा होता, आणि ताईचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. गेले काही महिने रोज सकाळी डोळे उघडताना तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता. पुरे. कुणी ऐकायला नसायचं. ती स्वतःच दचकायची, मग उठून दार उघडायला जायची. आज तोच शब्द निघाला तर? चिऊ ऐकणार, काकी मान डोलावणार, अण्णा खाली जाऊन सही करणार. संपलं. मग पुस्तकं बांधणारा कुठं जाणार, छत्रीवाला कुठं जाणार, आणि ती स्वतः अण्णाच्या घरच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून दिवसभर काय करणार? ती छपराचे वासे बघत पडून राहिली. झोपायचंच नाही, तिनं ठरवलं. डोळे मिटून पडायचं, चिऊनं हात लावला की ठणठणीत आवाजात 'नको' म्हणायचं. खोटं तर खोटं.

नदीवर कुठंतरी वल्हं आपटत होतं. काकी घोरायला लागल्या. वाऱ्यानं झडपा जराशा हलायच्या, मग छपराखालचा उजेड हलायचा, मग सगळा माळाच पाण्यावर असल्यासारखा वाटायचा. तागाचा वास अजून होता, इतक्या वर्षांनी. फळ्यांत मुरला असेल. गठ्ठे ओळीनं ठेवलेले होते आणि श्वास घेत होते, फुगत होते, बसत होते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडं थोडं पाणी फळ्यांमधून खाली गळत होतं. यात काही विशेष आहे असं ताईला वाटलं नाही. ती त्यांच्या मधून चालत जिन्यापाशी गेली.

जिन्यावर बायका बसल्या होत्या. वरच्या पायरीवर पणजी, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं पण लगेच ओळखलं, तिच्याखाली आजी, तिच्याखाली आई. सगळ्यांनी गुडघे पोटाशी घेतलेले, हनुवटी तळव्यावर टेकलेली, डोळे टक्क उघडे. खालून नदी वर येत होती. मजला मजला चढत, कुणाचं काही न भिजवता, घरी आलेल्या पाहुणीसारखी चप्पल काढून. आजीच्या काळात तो मोठा पूर आला होता, तसाच. तेव्हा आजोबा उठून म्हणाले होते, राहू. आणि राहिले.

"आई, सरक ना जरा," ताई म्हणाली. "मी कुठं बसू?"

"तुला जागा नाहीये इथं," आई म्हणाली. तिनं रागानं म्हटलं नाही. तिनं हात पुढे करून ताईच्या कपाळावर ठेवला, थंडगार, नुकता भांडी घासून आलेला ओला हात.

ताईनं डोळे उघडले.

ऊन खांब ओलांडून पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं आणि पिकल्या रंगाचं झालं होतं. ती झोपली होती! तिनं पटकन स्वतःच्या तोंडावर हात दाबला. शब्द बाहेर पडला नव्हता. कुणी उठवलं नव्हतं. तिनं मान वळवून पाहिलं आणि तिचा विश्वासच बसेना. चिऊ स्टुलावर बसल्या बसल्या, डोकं खांबाला टेकवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

कुणीच जागं नव्हतं. वखार उभी राहिल्यापासून हे कधी झालं नव्हतं.

ती अनवाणी उठली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहू लागली. तारेचा आवाज थांबला होता. छत्रीवाला छत्रीखालीच कलंडला होता. आणि पार तळाशी, कचेरीच्या उघड्या दारातून, कंपनीच्या माणसाचे चकचकीत बूट दिसत होते, टाचा टेकून वर केलेले. तोही झोपला होता. ताईला हसू आलं, आणि ते हसूही तिनं हाताखालीच दाबलं.

मग तिच्या लक्षात आलं की तिच्या हातात काय आलंय.

जागणाऱ्या बायकांची एक गोष्ट होती, ती पुरुषांना माहीत नव्हती. आईनं ती ताईला सांगितली होती, सहज, भांडी विसळता विसळता. "पुरुष बोलतात ते आपण उठवू तसं गं. कपाळावर हात ठेवून, केसांतून बोटं फिरवून हळू उठवलंस, तर तो म्हणतो, असू दे आहे तसं. पायाचा अंगठा ओढून उठवलंस तर आधी निघायचंच बोलतो. तुझ्या आजीनं पुरात आजोबांना कसं उठवलं असेल, तूच बघ." आणि काका नि वडील वखार बंद करायला निघाले होते, माल येईनासा झाला होता, तेव्हा आईनं दोघांनाही कपाळाला हात लावून उठवलं, आणि दोघं म्हणाले, मजले भाड्यानं देऊ. वाटा नव्हता बायकांना. पण ही वखार इतकी वर्षं नदीकाठी उभी होती ती त्यांच्या हातांनी.

वाटा मिळाला आणि तेवढं उठवणं गेलं, असा राग तिच्या मनात सकाळपासून होता. आता दोन्ही तिचं होतं. अण्णाला तिनं उठवायचं, आईसारखं. तो म्हणेल, असू दे. मग चिऊला हलवायचं आणि सांगायचं, बघ, तुझे बाबा काय म्हणाले. अण्णाचाच नकार! मग तिच्या तोंडून पुरे निघो नाहीतर आणखी काही. वखार राहिली.

ती त्याच्या उशाशी बसली. झोपेत अण्णाच्या चेहऱ्यावरून तो डॉक्टर पार पुसला गेला होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते. खालचा ओठ पुढे, लहानपणी रुसल्यावर यायचा तसा. तिनं क्षणभर थांबून त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बोटं हळूच केसांतून फिरवली.

अण्णाच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले नाहीत.

"आई," तो जड जिभेनं म्हणाला, "ताईला नको गं उठवू. झोपू दे तिला."

आणि कूस बदलून पुन्हा झोपी गेला.

ताई तशीच बसून राहिली, हात हवेत. म्हणजे तो जागा असायचा. होड्यांचे दिवे विझण्याआधी, आई 'ऊठ गं' म्हणायची तेव्हा, त्या शेजारच्या पांघरुणाखाली तो ऐकत असायचा आणि मनातल्या मनात हे म्हणत असायचा, पोरगा, तोंडानं बोलायची हिंमत नसलेला. इतकी वर्षं तिला वाटायचं की भावांना काही कळलंच नाही. सुखानं झोपायचे मेले, असं ती स्वतःशी किती वेळा म्हणाली होती. आणि हा वेडा वखार विकायला काढून, हॉटेलवाल्यांना गाठून, इतक्या उशिरा तिला झोपू द्यायला आला होता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

चिऊला उठवायला हवं होतं. तिनं उठवलं नाही. अण्णाचे शब्द कुणाला सांगावेत असंही तिच्या मनात आलं नाही. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. ती आपल्या गादीवर परत आली, अण्णाकडे तोंड करून आडवी झाली, आणि उठल्यावर काय म्हणायचं याचा विचार करायचाही तिला कंटाळा आला. जे निघेल ते निघो. खाली नदी पायऱ्यांना लागत होती, थांबून थांबून.

त्यानंतरचं तिला नंतर कळलं. चिऊ खडबडून जागी झाली, "अगं बाई!" म्हणाली, आणि आजूबाजूला सगळे झोपलेले पाहून तिच्या जिवात जीव आला. तिनं आधी कप्तानाला हलवलं. तो म्हणाला, "उतरा, उतरा, काठ आला." त्या गडबडीनं काकी आपोआप उठल्या आणि म्हणाल्या, "माझे दात कुठंयत?"

"हे कशात धरायचं?" चिऊनं घाबरून विचारलं.

"कशातच नको," काकी म्हणाल्या. "आधी वाटी दे."

अण्णाला उठवलं, तो टक्क डोळे उघडून स्पष्ट म्हणाला, "विकायची." तो सकाळपासून मनात तेच घोकत असणार. कप्तानाचं 'उतरा' विकण्याकडेच धरायला हवं, असंही त्यानं सुचवलं, आणि कप्तानानं मान खाली घातली. राहिली ताई. सगळे तिच्या गादीभोवती गोळा झाले. चिऊ गुडघ्यावर बसली. आत्याला कसं उठवायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आत्याला झोपलेलं या घरात कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं नुसता खांद्यावर हात ठेवला.

"आत्या. ए आत्या."

ताईला तो हात फार लांबून जाणवला. उबदार होता. डोळे उघडणं तिच्या जिवावर आलं. तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिनंही त्यांच्याबरोबरच ऐकलं.

"मी इथंच झोपते. आता तुम्ही जागा."

झडप वाऱ्यानं आपटली.

"म्हणजे काय?" अण्णानं विचारलं. "याचा अर्थ काय धरायचा?"

"काय धरायचा म्हणजे?" कवळी बसवल्यावर काकींचा आवाज पुन्हा धारदार झाला होता. "इथंच झोपणार म्हणतेय. विकलीत तर कुठं झोपेल? नको म्हणाली ती. आणि वर तुम्हाला कामाला लावलंय."

"अहो, पण मी कसा जागणार? माझा दवाखाना आहे, माझी माणसं तिथं..."

"तिला विचारलं होतंस कधी, ती कशी जागते?"

अण्णा ताईकडे बघत राहिला. तिनं एक डोळा उघडला होता आणि त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या नजरेत असं काही होतं की तो समजूतदार आवाज त्याला सापडेना. "मला वाटलं होतं," तो म्हणाला, "विकली की तू सुटशील."

"सुटायचं होतंच रे," ताई म्हणाली. "पण घरातून नव्हतं सुटायचं."

अण्णानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सकाळचं दार मी उघडीन," कप्तान एकदम म्हणाला. "होडी सोडतो तेव्हा मी उठलेलाच असतो. आणि होडीचं काय, डांबर लावीन अजून एकदा."

"भाडेकरूंचं मी बघते," चिऊ म्हणाली. "बाबा, मी इथं राहते. खरंच. आत्याच्या पुढच्या खोलीत. ते छप्पर उतरवून नव्यानं घालायला हवंय, मी सकाळीच वर चढून बघितलंय."

"तू? जागणार?" काकी म्हणाल्या. "आजच दिवे लावलेस ते पुरेत."

चिऊचे कान लाल झाले. अण्णा हसला, मघापासून पहिल्यांदा. "छपराचं माझ्याकडे," तो म्हणाला. "काम निघेल तेव्हा येऊन राहीन. जागायला." मग त्याला खालच्या माणसाची आठवण झाली आणि तो कपाळावर हात मारून उठला. कप्तानाला त्यानं बरोबर घेतलं. दोघं भाऊ कुरकुरत्या पायऱ्यांवरून उतरत गेले, त्या सभ्य माणसाला आधी उठवायचं कसं आणि मग सांगायचं काय, यावर कुजबुजत. काकींनी चिऊचा आधार घेतला आणि एकेक पायरी जोखत त्याही निघाल्या.

खालच्या मजल्यावर पोचता पोचता चिऊच्या मनात पहिली शंका आली. ती काकींना कठड्यापाशी उभं करून धावतच वर आली.

"आत्या, नदीकडच्या दाराला कडी आतून घालायची की बाहेरून?"

उत्तर द्यायला आत्या जागी नव्हती.